लहान कॅमेरा कुणासाठी लहान?

लहान मिररलेस कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघायला बसलात तर एक कौतुक जवळपास प्रत्येकात सापडेल: हा कॅमेरा बाहेर काढला तरी आजूबाजूच्या कुणाच्या लक्षातही येत नाही. वजन, रंग, फोकसचा वेग, किंमत यांच्या रांगेत हाही एक गुण म्हणून मोजला जातो आणि रिव्ह्यू पुढे सरकतो. गेले तीन महिने मी असा एक कॅमेरा वापरतेय. बाकीच्या गुणांबद्दल माझं फारसं भांडण नाही. पण या एका गुणाशी जरा थांबायला हवं. कॅमेरा कसा आहे हे आपण नेहमी फोटो काढणाऱ्याच्या बाजूने ठरवतो. ज्याचा फोटो निघतो, त्याच्या बाजूने रिव्ह्यू लिहायचा झाला तर हाच कॅमेरा कसा दिसेल?

आधी आकडे

माझा आधीचा कॅमेरा निकॉन डी७२००, सेकंडहँड घेतलेला. बॅटरी आणि कार्डासकट ७६५ ग्रॅम. त्यावर कायमची बसलेली १८-१४० मिलिमीटरची झूम लेन्स ४९० ग्रॅम. एकूण सव्वा किलो. आताचा फुजीफिल्म एक्स-टी३०, तोही सेकंडहँड, बॅटरी-कार्डासकट ३८३ ग्रॅम. त्यावर २७ मिलिमीटरची चपटी लेन्स ७८ ग्रॅम. एकूण ४६१. म्हणजे आधीच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी.

हा फरक कागदावर जितका वाटतो त्याहून रोजच्या जगण्यात मोठा आहे. हिंजवडीला जाणाऱ्या बॅगेत लॅपटॉप, चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली असते. त्यात आणखी सव्वा किलो कुणी घालत नाही. त्यामुळे जुना कॅमेरा कपाटात असायचा आणि सहलीला, लग्नाला किंवा गणपतीला बाहेर यायचा. नवा डब्याच्या शेजारी बसतो. जुन्या कॅमेऱ्यातल्या माझ्या फोटोंमध्ये सगळे नटलेले आहेत, कारण तो नटण्याच्या दिवशीच बाहेर पडायचा. नव्या कॅमेऱ्यात मंगळवार आहेत.

आकार कमी कसा झाला, हेही थोडक्यात सांगते. डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, शटर उघडतं, सेन्सरवर प्रकाश पडतो, आरसा पुन्हा खाली येतो. या उडीसाठी जागा लागते. निकॉनच्या १९५९पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. फुजीच्या एक्स माउंटमध्ये ते १७.७ मिलिमीटर आहे. आरसा काढला आणि जवळजवळ तीन सेंटिमीटर खोली वाचली.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. आरसा नाही, म्हणजे फ्रेम दाखवायला सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू. प्रमाणित चाचणीत डी७२००ची एक बॅटरी १११० फोटो देते, एक्स-टी३०ची ३८०. शिवाय बॉडी लहान झाली म्हणून प्रत्येक लेन्स लहान होत नाही. काचेला तिचे स्वतःचे नियम आहेत. याच माउंटच्या १६-५५ मिलिमीटर, एफ २.८ झूमची पहिली आवृत्ती ६५५ ग्रॅमची आहे. ती लावली की लहान कॅमेऱ्याची सगळी गोष्ट संपते. म्हणून लहान मिररलेस घेणं म्हणजे खरं तर लहान लेन्सवर समाधानी राहायचं ठरवणं. २७ मिलिमीटरला झूम नाही. या मुद्द्याकडे पुढे परत यायचंय.

फोन असताना हे सगळं कशाला, हा प्रश्न वाजवी आहे. माझं उत्तर आजीच्या स्वयंपाकघरात आहे. साताऱ्याजवळच्या आमच्या घरात ती खोली अंधारी आहे, चुलीच्या बाजूची भिंत काजळीने काळी झालेली. फोन तिथे एका टॅपमध्ये अनेक फ्रेम घेतो, एकमेकांवर रचतो, सावल्या उजळतो, कडा धारदार करतो. निघालेल्या फोटोत भिंत करडी दिसते आणि खोली एखाद्या होमस्टेसारखी. ते काम हुशारीचं आहे. मी सॉफ्टवेअर लिहिते, मला त्याचं कौतुक आहे. पण अंधार ही त्या खोलीबद्दलची माहिती आहे आणि फोन ती चूक समजून दुरुस्त करतो. एक्स-टी३०चा सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा आहे, कुठल्याही फोनच्या सेन्सरच्या कित्येक पट. त्याला कमी उजेडात इतकी कारागिरी करावी लागत नाही. काळं किती काळं ठेवायचं, हे मी ठरवू शकते.

डोळ्याला काय दिसतं

डीएसएलआर वापरणाऱ्यांना एक गोष्ट इतकी सवयीची असते की ती विचित्र आहे हे जाणवत नाही. आरसा वर उडतो तेव्हा व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो.

मिररलेसमध्ये उलटा प्रकार आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये एक छोटा स्क्रीन असतो आणि त्यात एक्स्पोजर, रंग, काळं-पांढरं, सगळं लागू होऊन चित्र दिसतं. आधी कोड लिहून बिल्ड करायचा आणि मग काय बिघडलंय ते कळायचं. आता टाइप करता करता लाइव्ह प्रीव्ह्यू. शिकणाऱ्यासाठी हे वरदान आहे. पण याची एक सवय लागते आणि ती पहिल्या पंधरवड्यातच दिसायला लागली: बाहेर काय आहे यापेक्षा स्क्रीनला काय शोभतंय ते शोधायला लागते नजर. 'वेल्विया' लावलं की पावसाळ्यातलं शेत आहे त्याहून हिरवं, म्हणून डोळा हिरव्याकडे धावतो. 'अ‍ॅक्रॉस' लावलं की उन्हाच्या तिरिपा दिसायला लागतात आणि माणसं त्यांत उभी राहण्यापुरतीच उरतात.

ही नावं जुन्या फिल्म्सची. वेल्विया ही १९९०मध्ये आलेली खरी स्लाइड फिल्म. 'क्लासिक क्रोम' नावाची फिल्म मात्र फुजीने कधी विकलीच नाही. ते एका आठवणीचं सॉफ्टवेअर आहे. माझ्या वयाच्या लोकांनी रोल भरलेला नाही, धुवायला टाकलेला नाही, छत्तीसातले किती उरलेत ते मोजलेलं नाही. आमच्या घरच्या अल्बममधले फोटो रोलवर काढलेले आहेत, पण त्यांचा रंग यातल्या कुठल्याच सिम्युलेशनसारखा नाही. तो गल्लीतल्या लॅबचा रंग आहे, थोडा लालसर, कोपऱ्यात केशरी तारीख छापलेला. तेव्हा या कॅमेऱ्यातून मिळणारा जुनेपणा सुंदर आहे, पण तो आपल्या घरचा नाही, हे माहीत असलेलं बरं.

वरच्या तबकड्यांचं मात्र मी मनापासून कौतुक करेन. शटर स्पीड आणि एक्स्पोजर यांच्या धातूच्या गोल चकत्या अनेकांना नुसती जुन्या काळाची नक्कल वाटतात. मला त्यांत चांगलं इंटरफेस दिसतं. कॅमेरा बंद असतानाही तो कुठल्या सेटिंगवर आहे ते वरून नुसतं बघून कळतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण जी गोष्ट चार मेनूंच्या आत पुरतो, ती इथे उघड्यावर ठेवली आहे.

कॅमेरा काय सांगायचा

आता मूळ मुद्दा. मोठा कॅमेरा हातात घेऊन महात्मा फुले मंडईत शिरलं की चार गाळ्यांपर्यंत बातमी पोचते. "ओ ताई, पेपरात येणार का?" "आमचा काढा की." "माझा नको गं बाई, मी अशी घामेजलेली." कुणी केस सारखे करतं, कुणी पदर, कुणी पाठ फिरवतं. या सगळ्याला फोटोग्राफर मंडळी 'पोज' म्हणतात आणि नाक मुरडतात. त्यांना हवं असतं नैसर्गिक. पण जरा नीट पाहिलं तर ही एक वाटाघाट असते. मी काहीही विचारलेलं नसतं, सव्वा किलोच्या कॅमेऱ्याने विचारलेलं असतं, आणि समोरच्या प्रत्येकाने त्याला होकार किंवा नकार दिलेला असतो.

लहान कॅमेरा घेऊन त्याच मंडईत गेले. कुणीच काही म्हणालं नाही. गळ्यात एक हौशी, जुनाट दिसणारी वस्तू असलेली एक मुलगी भाजी घेतेय, इतकंच. कौतुकात म्हणतात ते अगदी खरं आहे. आणि तेव्हा लक्षात आलं की विचारण्याचं जे काम आधी वस्तूच करून टाकायची, ते आता माझ्यावर आलंय. गवारी विकणाऱ्या मावशींना मी कॅमेरा दाखवून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "हा फोटो काढायचा होय? मला वाटलं तुझ्या पोराचं खेळणं." मग हसल्या, मग पदर सारखा केला, मग हो म्हणाल्या.

आता आवाज. आरशाची ती 'खटॅक्' अनेकांना नकोशी असते. मिररलेसमध्ये आरसा नाही, उरतो तो यांत्रिक शटरचा हलका टक्क. तोही नको असेल तर मेनूमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर आहे: काहीच हलत नाही, काहीच वाजत नाही. याची तांत्रिक किंमत आधी सांगते. या सेन्सरवरचं चित्र एका झटक्यात वाचलं जात नाही, ओळीओळीने वाचलं जातं. त्यामुळे वेगाने फिरणारी वस्तू वाकडी येते. ढोलावर पडणारं टिपरू केळीच्या फण्यासारखं वळलेलं दिसू शकतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. अशा उजेडात मूक शटर वापरलं तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

पण पट्ट्यांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी आहे. समोरच्याला टक्क ऐकू आला की कळतं, फोटो निघाला. नंतर चिडायचं, 'डिलीट कर' म्हणायचं, निघून जायचं, यातलं काहीही करायला आधी ते कळावं लागतं. जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये शटरचा आवाज बंद करता येत नाही, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. चोरून काढलेल्या फोटोंना आळा घालावा, हा तिच्यामागचा विचार. तंत्राच्या दृष्टीने निरर्थक असलेला आवाज मुद्दाम ठेवायचा, कारण तो दुसऱ्या माणसासाठी आहे. मला वाटतं, कॅमेऱ्याच्या रचनेत माणसाचा इतका सरळ विचार फार कमी वेळा झाला असेल.

हे मला पुस्तकी वाटत नाही, त्याचं कारण साधं आहे. मी बाई आहे आणि रोज बसने जाते. समोरच्या सीटवरचा माणूस फोन वाचायला धरतात त्यापेक्षा जरा ताठ धरतो. अंगठा एकदा स्क्रीनवर टेकतो. आवाज येत नाही. त्याने रील पुढे सरकवली की माझा फोटो काढला, हे मला कधीच कळणार नाही. त्याला विचारावं तर कांगावा माझाच ठरेल. मग मी ओढणी सारखी करते, जागा बदलते, खिडकीबाहेर बघते. फोटो निघाला की नाही ही नंतरची गोष्ट. माझा दिवस त्या न ऐकू आलेल्या आवाजाने बदललेला असतो. 'कुणाच्या लक्षात येत नाही' हे वाक्य कौतुक म्हणून वाचताना मला त्या सीटवर बसल्यासारखं होतं.

नैसर्गिक म्हणजे काय

'लहान कॅमेरा म्हणजे खरं आयुष्य' ही कल्पना आजची नाही. वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीत ओस्कार बर्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी वापरून एक छोटा कॅमेरा बनवला आणि १९२५मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला. त्याची २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट म्हणजेच आज आपण जिला 'फुल फ्रेम' म्हणतो ती. गंमत बघा, आज मोठेपणाचं माप असलेली गोष्ट तेव्हाचा लहान कॅमेरा होती. त्या लायकाने रस्त्यावरच्या फोटोग्राफीला रूप दिलं. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचा, की कुणाचं लक्ष जाऊ नये. १९४८च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्याने काढलेले फोटो पाहिले की या पद्धतीची ताकद नाकारता येत नाही.

पण त्याच दिल्लीत, त्याच वर्षांत होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्ससारखे कॅमेरे घेऊन काम करत होत्या. स्पीड ग्राफिक लपवता येत नाही. खोलीत शिरलं की सगळ्यांना कळतं. तरी त्यांचे फोटो जिवंत आहेत. आपल्याकडच्या स्टुडिओतले फोटोही आठवा: मागे रंगवलेला पडदा, खुर्चीच्या पाठीवर हात, कडक इस्त्री. आपण त्यांना कृत्रिम म्हणतो. पण त्यातल्या माणसाने आपण कसं दिसायचं ते स्वतः ठरवलं होतं, कित्येकांनी आयुष्यात एकदाच. तो निर्णय त्या फोटोतली सगळ्यांत खरी गोष्ट आहे.

याची परीक्षा घरीच झाली. जुना कॅमेरा दिसला की आजी उठून आत जायची, नऊवारी बदलून यायची, चष्मा काढायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. "हाराचा फोटो काढ," म्हणायची. नवा कॅमेरा तिने बघितला, माझा आहे म्हणून मनावर घेतला नाही, आणि मेथी निवडत राहिली. मी दिवसभर फोटो काढले. तिच्या हातांवरचा उजेड, काजळीची भिंत, ताटातला हिरवा ढीग. रिव्ह्यूवाले म्हणतात तसे फोटो, आणि मला ते फार आवडले. रात्री लॅपटॉपवर तिला सगळे दाखवले, जुनेही. तिने जुन्यातला एक, चष्मा काढून ताठ बसलेला, निवडला.

"हा लाव घरात."

"आणि आजचे गं आजी?"

"ते तुझ्याकडं ठेव. त्यात मला कुणी इचारलंच न्हाई."

मेथीचे फोटो वाईट होते असं नाही. ते माझ्या आठवणीचे फोटो आहेत आणि माझ्याकडे राहतील. ताठ बसलेला फोटो तिचा आहे. दोन्ही लागतात. पण 'नैसर्गिक' नावाखाली आपण पहिल्यालाच खरा ठरवतो आणि दुसऱ्याला हसतो, तिथे काहीतरी गफलत आहे.

दुसरी बाजू

मोठा कॅमेरा सभ्य आणि लहान चोर, असा मात्र माझा निष्कर्ष नाही. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि ज्ञानोबांची पालखी पुढे दिवे घाट चढते, तेव्हा घाटात लांब नळीच्या लेन्सची फळी उभी असते. तो कॅमेरा दिसतो, वाजतो, पण शंभर फुटांवर. तिथे टँकरखाली केस धुणाऱ्या बाईला कोण कुणाला टिपतंय हे कसं कळणार? माझ्या २७ मिलिमीटरला ते जमतच नाही. चेहरा हवा असेल तर चार पावलांवर जावं लागतं, आणि चार पावलांवर गेलं की बोलावं लागतं. झूम नसणं ही मला आधी अडचण वाटत होती. आता ती या कॅमेऱ्याची सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

शिवाय लक्षात न येणं नेहमीच वाईट नसतं. समोर ताकदवान असेल, लाठी उगारलेली असेल, लाच मागितली जात असेल, तर लहान, मूक कॅमेरा दुबळ्याच्या बाजूचा असतो. प्रश्न आकाराचा एकट्याचा नाही. त्या प्रसंगात 'नको' म्हणण्याची ताकद कुणाकडे आहे, याचा आहे. आणि जिथे ती ताकद कमी आहे, तिथे कॅमेऱ्यापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडतो. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो बघताना त्यांचा कॅमेरा केवढा होता हा प्रश्न मनात येत नाही. ती माणसं त्यांना ओळखत होती, हे फोटोत दिसतं.

तर घ्यावा का?

घ्यावा. सव्वा किलोमुळे जे दिवस कपाटाबाहेर पडत नव्हते ते आता फोटोत आहेत, आणि त्यासाठी तीन पट चार्जिंग करायला माझी तयारी आहे. चपटी लेन्स लावावी, झूमच्या मोहात पडू नये. रंगांची सिम्युलेशनं एक महिना बंद ठेवून बघावीत. मूक शटर झोपलेल्या बाळासाठी, शांत मैफलीसाठी आणि उगारलेल्या लाठीसाठी राखून ठेवावं. एरवी यांत्रिक शटर चालू असू द्यावं. तो टक्क फार मोठा नाही, पण चार पावलांवरच्या माणसाला ऐकू जाण्याइतका आहे.